हॅलो: कुठून आला, कसा रुळला आणि ती मार्गारेटची थाप

चिंचपेटी

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरत येते. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलची मार्गारेट हॅलो नावाची प्रेयसी होती, पहिला फोन त्याने तिलाच लावला आणि तिचं नाव घेतलं, म्हणून आजही जग फोन उचलल्यावर तिचंच नाव घेतं. शेवटी 'लोक बेलला विसरतील, पण त्याच्या प्रेयसीला नाही' वगैरे आणि दोन गुलाब. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा ती पुन्हा आली आणि खाली बदामांची रांग लागली. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितेय.

बेलच्या आयुष्यात अशी कोणी मार्गारेट नव्हती. त्याचं प्रेम होतं मेबल हबर्डवर. ती त्याची विद्यार्थिनी. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीवर झाला आणि तिची ऐकण्याची शक्ती गेली. बेल बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा, त्यातून ओळख झाली आणि ११ जुलै १८७७ ला लग्न झालं. म्हणजे बेलने प्रेमापोटी फोन लावला असताच, तर तो तिला ऐकूच आला नसता!

टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ ला. तारेतून पहिलं कळण्यासारखं वाक्य गेलं त्यानंतर तीन दिवसांनी, आणि तेही पलीकडच्या खोलीतल्या मदतनिसाला. 'मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय' अशा अर्थाचं. ना प्रेयसी, ना हॅलो.

मला तर वाटतं खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. बेलच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, बायकोला तर अजिबातच नाही, आणि त्याच माणसाने माणसाचा आवाज तारेतून पाठवायचं यंत्र काढलं. यावर कोणी गुलाब टाकत नाही.

आणखी एक. बेलला 'हॅलो' आवडतही नव्हतं. फोनवर 'अहॉय' म्हणावं असं त्याचं मत होतं. खलाशी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला हाक मारताना म्हणतात ना, तेच.

तर मग हॅलो आलं कुठून? एडिसनचं नाव ऐकून आहे, त्याबद्दल सवडीने लिहिते. शब्दाच्या मुळाबद्दल जाणकारांनी सांगावं.

तिरफळ

अहॉय! म्हणजे बेल आमच्या कोकणातलाच म्हणायचा. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'अहो' अशीच हाक मारतात आणि तो पहिल्या हाकेला ओ देत नाही, हेही जुळतंय. हलकं घ्या.

खडूस_मास्तर

तिरफळ, हा विनोद मी उद्या कुठेतरी 'संशोधन' म्हणून वाचणार आहे, लिहून ठेवा.

चिंचपेटी, मुळाबद्दल जमेल तेवढं सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की हॅलो हा नमस्कारासारखा शब्द होता. नव्हता. ती आरोळी होती. इंग्रजीत हॉला, हॉलो, हॅलू, हलो अशी या शब्दाची भावंडं शेकडो वर्षं नांदत होती आणि प्रत्येकाचं काम थोडंफार तेच: लांबच्या माणसाचं लक्ष वेधणं. 'हॅलू' शिकारीत चालायचं, कुत्र्यांना सावजावर सोडताना. आपण 'छू' म्हणतो तसं. या घराण्याचं मूळ कोणी फ्रेंच 'होला'त बघतात, म्हणजे 'हो' अशी हाक आणि 'ला' म्हणजे तिकडे, एकूण 'ए, तिकडच्या!' कोणी जुन्या जर्मन भाषेतल्या 'हला', 'होला' या आज्ञार्थी रूपांकडे बोट दाखवतात. त्या धातूचा अर्थ आणणं, घेऊन येणं. कोशकार एक मजेची गोष्ट नोंदवतात, की ही आरोळी खास करून नदीच्या पलीकडच्या नावाड्याला बोलावताना मारली जायची. 'नाव आण रे!'

यातलं एकच खरं आणि बाकी खोटं असं धरून बसू नका. आरोळ्यांना आईबाप शोधणं अवघड असतं. लांबवर ऐकू जायला तोंड उघडं राहील असा स्वर लागतो, त्यामुळे कुठल्याही भाषेत हाकेचे शब्द 'हो', 'ओ', 'ए', 'हे' यांच्याच आसपास घुटमळतात.

आता नेमकं 'हॅलो' हे रूप. ते छापील स्वरूपात अमेरिकेत १८२६ पासून सापडतं, म्हणजे टेलिफोनच्या पन्नास वर्षं आधी. एवढ्या एका गोष्टीवर तुमच्या सोसायटीची मार्गारेट निकालात निघते. त्या काळात ते दोन कामांना वापरायचे. एक हाक, दुसरं आश्चर्य. जुन्या इंग्रजी रहस्यकथा वाचणाऱ्यांना आठवेल, गुप्तहेर खाली वाकतो, गालिच्यावर काहीतरी दिसतं आणि म्हणतो, 'हलो! हे काय?' तिथे तो गालिच्याला नमस्कार करत नसतो. 'अरेच्चा!' म्हणत असतो. मराठी भाषांतरांत या हलोची फार दैना झालेली आहे, पण तो वेगळा धागा.

भेटल्यावर सभ्य माणसं 'गुड मॉर्निंग', 'हाउ डू यू डू' असं म्हणायची. अनोळखी माणसाला 'हॅलो' म्हणणं उद्धटपणाच धरला जायचा. रस्त्यात कोणाला 'ए, ओ!' केल्यासारखं. त्याला प्रतिष्ठा मिळाली ती फोनमुळे.

घाटमाथा

मास्तर, नावाड्याचं वाचून मजा वाटली. आमच्या आजोळी खाडीवर पूल व्हायच्या आधी असंच होतं. होडी पलीकडच्या काठाला असली की इकडून 'ओऽऽ तारीऽऽ' (तारी म्हणजे नावाडी) करून ओरडायचं. वारा उलटा असला तर घसा फाटेपर्यंत. तारी कधीकधी ऐकूनही विडी संपेपर्यंत उठायचा नाही. आवाज पोचला की नाही हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे ओरडत राहायचं. आता रेंज नसलेल्या ठिकाणी तेच करतो.

चिंचपेटी

मास्तर, दंडवत. आता एडिसनचं.

सुरुवातीच्या फोनला घंटी नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. दोन ठिकाणी दोन यंत्रं, मध्ये तार आणि ती कायम जोडलेली. आता पलीकडच्या माणसाला कसं कळणार की कोणी बोलू बघतंय? सुरुवातीला लोक यंत्राच्या पडद्यावर (आवाजाने थरथरणारी आतली पातळ चकती) पेन्सिलीने टकटक करायचे. पडदा खराब व्हायचा म्हणून वॉटसनने त्यासाठी आत छोटी हातोडी बसवली. घंटी लावावी की नको यावर खल चालू होता.

त्या वेळी एडिसनने पिट्सबर्गच्या टेलिग्राफ कंपनीच्या डेव्हिड नावाच्या अध्यक्षाला चिठ्ठी लिहिली. तारीख १५ ऑगस्ट १८७७. मतलब असा, की मित्रा, मला नाही वाटत घंटी लागेल, कारण हॅलो ही हाक दहा ते वीस फुटांवरून ऐकू येते, तुझं काय मत? आणि ताजा कलम, यंत्र बनवायचा खर्च फक्त सात डॉलर. बस्स. एवढीशी चिठ्ठी. ब्रुकलिन कॉलेजातले प्राध्यापक अ‍ॅलन केनिग्सबर्ग यांनी ती टेलिफोन कंपनीच्या जुन्या दफ्तरातून शोधून काढली.

म्हणजे बघा, एडिसनच्या डोक्यात 'फोनवर माणसांनी एकमेकांचं स्वागत कसं करावं' हा प्रश्नच नव्हता. हॅलो हा घंटीचा पैसे वाचवणारा पर्याय होता! खोलीत दुसऱ्या कामात असलेल्या माणसाला यंत्रातून ओरडून बोलवायचं, एवढंच. पुढे घंटी आलीच, पण तोवर हॅलो चिकटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात तो आवाज कागदावर उमटवायचे प्रयोग करत होता, ज्यातून पुढे फोनोग्राफ निघाला. त्या यंत्रातही तो 'हॅलू! हॅलू!' असंच ओरडला होता आणि कागद परत फिरवल्यावर तेच अस्पष्ट ऐकू आलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. गंमत म्हणजे एडिसनलाही लहानपणापासून कमी ऐकू यायचं. ज्याला कमी ऐकू येतं तो फोनवर म्हणायला आरोळीच निवडणार, यात मला काही नवल वाटत नाही.

मग एक्स्चेंज आली, म्हणजे सगळ्यांच्या तारा एका ठिकाणी आणून हव्या त्या दोन जोडून देणारी केंद्रं. पहिलं व्यापारी एक्स्चेंज अमेरिकेत न्यू हेवन गावात २८ जानेवारी १८७८ ला सुरू झालं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या डिरेक्टरीत ग्राहकांना सूचना आहे, की बोलायला सुरुवात करताना 'हलोआ' म्हणा आणि संपवताना 'एवढंच' म्हणा. 'दॅट इज ऑल.' पहिली सूचना जगाने ऐकली, दुसरी कोणीच नाही. (आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची एक्स्चेंज सुरू झाली तीही २८ जानेवारीलाच, १८८२ साली. निव्वळ योगायोग.)

बबन_बिनधास्त

पण मी असं वाचलंय की हॅलो हंगेरियन आहे. एडिसनबरोबर पुश्काश नावाचा माणूस होता, त्याने फोनवर 'हल्लोम' म्हटलं, म्हणजे 'ऐकतोय'. त्याचं काय?

खडूस_मास्तर

बबनराव, तिवदर पुश्काश खरा माणूस, एडिसनबरोबर काम केलेला. १८९३ साली बुडापेस्टमध्ये त्याने फोनवरून बातम्या ऐकवायची सेवा काढली, रेडिओच्या कितीतरी आधी. मोठा माणूस. पण हल्लोमची गोष्ट पाठीमागून जुळवलेली दिसते. शब्द १८२६ पासून छापून येतोय म्हटल्यावर १८७७ मध्ये कोणा हंगेरियन गृहस्थाकडून तो उसना घ्यायची अमेरिकनांना गरज काय होती? दोन भाषांत सारखा आवाज सापडला की नातं जुळवायचा मोह सगळ्यांनाच होतो. वर तिरफळने केलंच आहे.

तिरफळ

माझं नाव उगाच घेतलंत. मी अजून ठाम आहे.

जुनी_ट्रंकवाली

एरवी मी फक्त वाचते, पण या धाग्यावर राहवलं नाही. आयुष्याची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर केली, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायची.

तुम्ही सगळे हॅलोचं कौतुक करताय, पण आम्ही ऑपरेटर ते ग्राहकाला म्हणायचो नाही. ग्राहकाला 'नंबर प्लीज'. हॅलो आम्ही वापरायचो ते दुसऱ्या एक्स्चेंजला. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड आणि प्लग, आणि 'हॅलो सातारा... हॅलो सातारा... सातारा, बोला!' गावाला हाक मारल्यासारखं. पावसाळ्यात तर सातारा काही केल्या ओ द्यायचा नाही. दोन्ही टोकं लागली की 'बोला, पार्टी लाइनवर आहे'. मग इकडून हॅलो, तिकडून हॅलो, पुन्हा इकडून हॅलो. तीन मिनिटांचा कॉल, त्यातला बराचसा हॅलोत जायचा. शेवटी 'तीन मिनिटं झाली' म्हणून सांगायचं आमच्याच नशिबी, आणि तेव्हाच नेमकी माणसं मुद्द्यावर आलेली असायची.

नव्या पोरांना सांगते, ट्रंक कॉल म्हणजे आधी बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. घाई असेल तर 'अर्जंट', त्याचे दुप्पट पैसे. अगदीच जिवावरचं असेल तर 'लाइटनिंग', तो आठपट. लाइटनिंगची चिठ्ठी हातात आली की आम्हाला न सांगता कळायचं, बहुतेक कोणीतरी गेलं असणार. एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट नंबर फिरवायची सोय, १९६० सालीच लखनौ-कानपूरमध्ये सुरू झाली होती, पण लहान गावांना ती यायला फार वर्षं गेली. तोपर्यंत आम्हीच.

आणखी एक. अमेरिकेत आमच्यासारख्या बायकांना 'हॅलो गर्ल' म्हणायचे, मार्क ट्वेनने १८८९ मध्ये हा शब्द वापरलाय. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने फ्रेंच येणाऱ्या दोनशेहून जास्त ऑपरेटर बायका फ्रान्सला नेल्या, आघाडीवरचे फोन जोडायला. गणवेश दिला, शपथ दिली आणि युद्ध संपल्यावर सांगितलं की तुम्ही सैनिक नाहीच! सैनिक म्हणून मान्यता मिळाली १९७७ साली. तोवर किती जणी उरल्या असतील? मला हे वाचल्यापासून त्यांचा फार राग येतो, म्हणजे बायकांचा नाही, देणाऱ्यांचा.

चिंचपेटी

ट्रंकवाली काकू, यावर स्वतंत्र धागा काढाच. प्लीज.

रानजाई

+१. काकू, हक्काने सांगतेय, लिहा.

कुंपणावरचा

कोणीच कसं बोललं नाही अजून? आपल्याकडे हॅलोवर सरकारी जीआर निघाला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे सांस्कृतिक खातं आलं आणि त्यांनी जाहीर केलं, की सरकारी कर्मचारी फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणतील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जीआर आला, २ ऑक्टोबरला वर्ध्याहून मोहीम सुरू झाली. सक्ती नव्हती, आवाहन होतं. जीआरमध्ये कारण दिलं होतं, की हॅलो हे पाश्चात्त्य संस्कृतीचं अनुकरण आहे, त्याला काही विशेष अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी वाटत नाही. तेव्हा काँग्रेसच्या नाना पटोलेंनी म्हटलं, आम्ही 'जय बळीराजा' म्हणू.

बबन_बिनधास्त

आता धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

कुंपणावरचा

नाही हो, राजकारण करायचंच नाहीये. मला शब्दापुरतं बोलायचंय. 'विशेष अर्थ नाही' हे जीआरचं म्हणणं मास्तरांनी वर दिलेल्या माहितीप्रमाणे बरोबरच आहे की! पण म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं. अर्थ नाही म्हणजे बाजू नाही. आपल्याकडे रामराम, जय भीम, जय महाराष्ट्र, जय हरी, सलाम आलेकुम, देव बरें करूं, यांतलं काहीही म्हटलं की बोलणाऱ्याचं गाव, जात, पक्ष, धर्म असा निम्मा पत्ता कळतो. अनोळखी नंबरावरून फोन आला तर आपला पत्ता आधी कोण देईल? हॅलो म्हणजे नुसतं 'तार जोडलेली आहे'. ओळख पटली की पुढे 'जय हरी माउली' आहेच. आमचे एक काका तर हॅलो म्हणतात, आवाज ओळखतात आणि माणूस बघून पुढचा नमस्कार निवडतात.

रानजाई

कुंपणावरचा, अगदी पटलं. त्यात माझी भर. इंग्रजीत हॅलो आरोळीतून नमस्कारापर्यंत पोचलं, पण मराठीत ते नमस्कार झालंच नाही. तुम्ही मराठी माणसाला समोरासमोर भेटल्यावर 'हॅलो' म्हणता का? कॉन्व्हेंटातली पोरं सोडा. आपण 'काय म्हणताय', 'कधी आलात', 'जेवलात का' असंच सुरू करतो. हॅलो आपण कुठे वापरतो ते बघा:

फोन मध्येच तुटल्यासारखा वाटला की, 'हॅलो? हॅलो! आवाज येतोय का?' माइकवर, 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.' गणपतीच्या मांडवात हे ऐकल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, आणि म्हणणारा कोणालाही अभिवादन करत नसतो. वर्गात पोरगं खिडकीबाहेर बघत असलं की मी स्वतः त्याच्या तोंडासमोर हात हलवून 'हॅलोऽऽ' म्हणते. आणि सगळ्यात खास, रांगेत कोणी मध्ये घुसला की, 'ओ हॅलो! कुठे चाललात?' यातला 'ओ' तर अस्सल आपला.

म्हणजे लक्ष वेधणं, हाक मारणं, दम देणं. मास्तरांनी सांगितलेला १८२६ चा अर्थ आपण जसाच्या तसा सांभाळलाय. इंग्रजांकडे तो गुळगुळीत झाला.

खडूस_मास्तर

रानजाई, हे निरीक्षण उत्तम आहे. फक्त 'सांभाळलाय' म्हणू नका. आपण १८२६ चा अर्थ वाचून घेतला नाही. आपल्याकडे शब्द आला तो यंत्राबरोबर, आणि यंत्रावर त्याचं काम हाकेचंच होतं. अभिवादनाला आपल्याकडे शब्द भरपूर होते, जागा रिकामी नव्हती. यंत्रात ओरडायला मात्र शब्द नव्हता.

सॅन_होजेकर

बाकीच्या भाषांचं थोडं. इटालियन माणूस फोन उचलून 'प्रोंतो' म्हणतो, म्हणजे 'तयार'. स्पेनमध्ये 'दिगा', म्हणजे 'बोला', पण मेक्सिकोत 'ब्वेनो'. जपानी 'मोशी मोशी' म्हणजे साधारण 'बोलतोय, बोलतोय'. जर्मन माणूस सरळ आपलं आडनाव सांगतो. मला पहिल्यांदा ते भांडायला उठल्यासारखं वाटलं होतं. फ्रेंचांचं 'आलो' फक्त फोनवर, भेटल्यावर 'बाँझूर'. म्हणजे रानजाई म्हणतेय तशी विभागणी त्यांच्याकडेही आहे. इथे अमेरिकेत आता हॅलो जरा औपचारिक वाटतं, तोंडात 'हाय' किंवा 'हे' असतं. आमच्या मुलांना तर कोणी फोन केला हेच अपमानास्पद वाटतं, मेसेज का नाही केला म्हणून.

घाटमाथा

आमच्याकडे स्पेनची पद्धत. फोन उचलला की 'हां, बोला.' हॅलो फक्त समोरून आवाज आला नाही तर.

तिरफळ

पण ती 'दॅट इज ऑल'ची सूचना मराठी माणसापर्यंत पोचली असती तर काय झालं असतं? आपल्याकडे 'चल, ठेवते' हे फोन संपवायचं वाक्यच नाही, तो मध्यंतर असतो. 'ठेवते' म्हटलं की तिकडून 'अगं हो, एक सांगायचंच राहिलं' आणि खरी बातमी त्यानंतर येते.

जुनी_ट्रंकवाली

म्हणून तर तीन मिनिटांचा नियम होता बाळा.

बबन_बिनधास्त

आता तर मी अनोळखी नंबर उचलून गप्पच राहतो. आधी हॅलो म्हटलं की कर्जवाल्यांच्या मशीनला कळतं की इकडे माणूस आहे आणि लगेच 'सर, प्रीअ‍ॅप्रूव्ह्ड लोन' सुरू होतं. समोरचा हॅलो म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दोघंही गप्प राहिलो तर ज्याचे पैसे जातायत तो ठेवतो.

कुंपणावरचा

बबनराव, बायकोचा नवीन नंबर असेल तर?

बबन_बिनधास्त

झालंय तसं. त्यावर धागा काढणार नाही.